पडद्यामागचे घर

आपल्या व्यापारी घरांतून चित्रपटाविषयी दोन मते पिढ्यान्‌पिढ्या सुखाने एकत्र नांदत आली आहेत. सिनेमा पाहण्यास हरकत नाही, हे पहिले. घरातल्या मुलाने सिनेमात जाण्यास मात्र सक्त हरकत आहे, हे दुसरे. पर्युषणाचे दिवस वगळले तर आमच्या दारव्ह्याच्या घरातही टॉकीजला जाण्यावर बंदी नव्हती. रात्री ओसरीवर नट-नट्यांच्या गोष्टी मोठ्या रसाने निघत आणि त्यांचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होई: त्या धंद्यात गेलेला माणूस कधी सुखाने परतला नाही.

हे मत केवळ आपलेच असते, तर जुन्या माणसांचा हेका म्हणून ते बाजूला सारता आले असते. परंतु चित्रपटसृष्टीनेही स्वतःविषयी पुनःपुन्हा हेच सांगितले आहे. सरकीच्या व्यापाऱ्याने सरकीच्या मंदीवर नाटक लिहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. सिनेमावाल्यांनी मात्र आपल्या धंद्यातील स्वप्नांची आणि भ्रमनिरासाची कथा स्वतःच्याच पडद्यावर मांडली, आणि ती पाहण्यासाठी लोकांकडून तिकिटाचे पैसेही घेतले. अशा कथांचे चार चित्रपट गेल्या वर्षी मी एका घरगुती कारणाने पुन्हा पाहिले. ते कारण पुढे येईलच. पाहून झाल्यावर जे मनात राहिले, ते आपल्यासारख्या कुटुंबांच्या उपयोगाचे आहे असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सिनेमाचा धंदा आपल्या दुकानापासून आपण समजतो तितका दूर कधीच नव्हता. १९९८ साली केंद्र सरकारने चित्रपटनिर्मितीला उद्योगाचा दर्जा देण्याचे जाहीर केले. त्यापूर्वी बँका या धंद्याला सहसा कर्ज देत नसत. मग पैसा येई कुठून? बराचसा बाजारातून. कापड, कापूस, धान्य, सराफी यांतून उभा राहिलेला पैसा जबर व्याजाने निर्मात्याकडे जाई. देशाचे चित्रपटवाल्यांनी जे प्रांत पाडले होते, त्यांत आपला प्रांत ‘सी. पी. बेरार’ या नावाने ओळखला जाई. मध्यप्रांत आणि वऱ्हाड ही राज्यव्यवस्था इतिहासजमा झाली, तरी वितरकांच्या कागदांवर ते नाव तसेच राहिले. अमरावतीला या वितरकांच्या पेढ्या होत्या. तेथून रिळांच्या लोखंडी पेट्या यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रस, दारव्हा येथील टॉकीजकडे निघत. जत्रांचा हंगाम आला की तंबूतले खेळ लागत, त्यांनाही चित्रे याच व्यवहारातून मिळत.

या व्यवहारात ‘मिनिमम गॅरंटी’ नावाचा एक प्रकार असे. वितरकाने निर्मात्याला ठरलेली रक्कम द्यायचीच. चित्र चालले तर वरच्या नफ्यात वाटा, पडले तर बुडीत सारे वितरकाचे. कापसाच्या वायद्याचे व्यवहार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. किंबहुना दोन्ही बाजार एकाच माणसात एकत्र आल्याचे मोठे उदाहरण मुंबईतच घडले. सरदार चंदुलाल शहा हे शेअरबाजारातून चित्रपटाकडे आलेले गृहस्थ. अभिनेत्री गोहर यांच्यासह १९२९ साली त्यांनी ‘रणजीत’ ही संस्था काढली आणि ती देशातील सर्वांत मोठ्या स्टुडिओंपैकी एक झाली. फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष. मात्र कापसाचा सट्टा आणि घोड्यांच्या शर्यती यांत त्यांची संपत्ती गेली, स्टुडिओ हातचा गेला, आणि १९७५ साली ते विपन्नावस्थेत वारले. आमचे आजोबा हे नाव घेत तेव्हा सिनेमाला दोष देत नसत, सट्ट्याला देत.

आजोबांना हा भेद कळत होता, कारण आमच्या घराने त्याची किंमत मोजली होती. १९६२ साली माझे धाकटे काका वसुलीच्या निमित्ताने वारंवार अमरावतीला जात. तेथे त्यांची एका वितरकाच्या पेढीत ऊठबस सुरू झाली. एका भागीदाराबरोबर त्यांनी एका चित्राचे आपल्या जिल्ह्यापुरते हक्क मिनिमम गॅरंटीवर घेतले. काही रक्कम दुकानातून उचललेली, काही काकूंच्या पाटल्या मोडून आलेली. काकूंनी पाटल्या स्वखुशीने काढून दिल्या होत्या आणि घरात कोणालाही सांगितले नव्हते. यवतमाळला ते चित्र चौथ्या दिवशी उतरले. पुसदला आठवडा कसाबसा निघाला. भागीदाराने हात वर केले. अकरा हजार रुपये बुडाले. त्या काळी त्या रकमेत आमच्या पेढीचा एक अख्खा हंगाम उभा राहत असे.

त्या वर्षीची खतावणी माझ्याजवळ आहे. तिच्या पहिल्या पानावर वीर निर्वाण संवत आणि खाली आजोबांचे वळणदार अक्षर. मोठेपणी मी ती चाळली तेव्हा काकांच्या खात्यावर ही रक्कम शोधत होतो. तेथे ती नव्हती. ती होती घरखात्यात. ज्या खात्यात धान्य, औषधपाणी, पाहुणेरावळे आणि मुलांच्या फिया लिहिल्या जात, त्याच खात्यात अकरा हजार रुपये नावे पडले होते. पुढच्या वर्षीच्या वहीत आणखी एक नोंद सापडली: धाकट्या सूनबाईंच्या सोन्याची भरपाई. त्या वर्षी माझे वडील जिनिंगसाठी नवी शेड बांधणार होते. ती चार वर्षे पुढे ढकलली गेली, पण पाटल्या आधी झाल्या.

याचा अर्थ घरात सारे गोडीगुलाबीने पार पडले असा नाही. आजोबांनी काकांना कठोर शब्दांत सुनावले. माझ्या आईला ती शेड लांबल्याचे दुःख कितीतरी वर्षे होते. परंतु सुनावून झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात काका पुन्हा गादीवर बसले होते आणि तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्याजवळ होत्या. ते पुढे चाळीस वर्षे पेढीत राहिले आणि शेवटपर्यंत आवडीने सिनेमा पाहत राहिले.

आता त्या घरगुती कारणाकडे येतो. माझा नातू गेल्या वर्षी बी.कॉम. झाला आणि त्याने मुंबईला जाऊन चित्रपटाचे संकलन शिकण्याचा, एका संकलकाच्या हाताखाली उमेदवारी करण्याचा मनोदय सांगितला. त्याच्या वडिलांनी नकार दिला. बोलाचाली झाली, मग अबोला झाला. शेवटी माझा मुलगा मला म्हणाला, “बाबा, तुम्हीच त्याला समजवा. तुमचे तो ऐकेल.” मी नातवाला म्हटले, “तुला ज्या धंद्यात जायचे आहे, त्या धंद्याने स्वतःविषयी काय सांगून ठेवले आहे, ते आपण आधी दोघे मिळून पाहू.” असे चार रविवार आम्ही चार चित्रपट पाहिले.

पहिला अर्थातच ‘कागज के फूल’. पुण्याच्या प्रभातमध्ये उमेदवारी केलेल्या गुरुदत्त यांनी १९५९ साली काढलेला, भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. सुरेश सिन्हा या यशस्वी दिग्दर्शकाची ती कथा. कीर्ती, प्रेम, लोकापवाद, अपयश, दारू आणि अखेर रिकाम्या स्टुडिओत दिग्दर्शकाच्या खुर्चीवर मृत्यू. तरुणपणी हा चित्रपट मी अधुऱ्या प्रेमाची कथा म्हणून पाहिला होता. या वेळी लक्ष गेले ते सासरवाडीकडे. सुरेशची बायको मोठ्या घराण्यातली. सिनेमाचा धंदा त्या घराण्याला हलका वाटतो, म्हणून नवरा-बायको वेगळी. मुलगी दूर वसतिगृहात, आणि बापाला तिला भेटण्याचीही चोरी. मुलीचा ताबा कोर्टात गमावल्यावर हा माणूस खऱ्या अर्थाने खचतो. चित्रपट पडण्याचे निमित्त त्यानंतरचे. धंद्यातील अपयश पचवायला जी जागा लागते, ती त्याच्याजवळ उरलेलीच नव्हती.

प्रत्यक्षातही हा चित्रपट पडला आणि गुरुदत्त यांनी त्यानंतर दिग्दर्शक म्हणून आपले नाव कोणत्याही चित्रपटाला दिले नाही. व्यापारी माणसाने पुढची गोष्टही ध्यानात ठेवावी. पुढच्याच वर्षी त्यांच्या संस्थेने काढलेला ‘चौदहवीं का चाँद’ उत्तम चालला. म्हणजे पेढी सावरली. माणूस सावरला नाही. १९६४ साली, चाळिशीही न गाठता, गुरुदत्त गेले. पैशाचे नुकसान भरून निघाले म्हणजे माणसाचे भरून निघते असे नाही, हे त्या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की कळते.

दुसऱ्या रविवारी ‘भूमिका’ पाहिला. श्याम बेनेगल यांचा हा १९७७ चा चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या मराठी आत्मकथनावर आधारलेला आहे. स्मिता पाटील यांना यातील कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यातली उषा स्वप्न घेऊन चित्रपटात येत नाही. ती लहान असताना घर चालवण्यासाठी तिला तेथे आणले जाते. पुढे लग्न होते, आणि संसार करीत घरी राहावे असे तिला वाटू लागते. पण आता नवऱ्याला तिच्या कमाईची सवय लागलेली असते. तोच तिची कामे ठरवतो, तोच तिच्यावर संशय घेतो. ‘कागज के फूल’मधले घर सिनेमाच्या पैशाला नाक मुरडते, येथे घर त्याच पैशावर जेवते. दोन्ही घरांत कमावणाऱ्याला काय हवे, हे कोणी विचारत नाही. अखेरीस उषाची मुलगी तिला आपल्याकडे राहण्यास बोलावते, तरी ती जात नाही. एकटेपणा पत्करते. घर म्हणजे काय याचा जो अनुभव तिने आयुष्यभर घेतला, त्यानंतर तिने त्या निमंत्रणावर विश्वास कसा ठेवावा?

त्या रात्री नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आजोबा, तुम्ही मला सिनेमाचा धंदा वाईट आहे हे दाखवायला बसवलंत. पण या दोघांनाही बुडवलंय ते घराने.” मला त्याचे म्हणणे पूर्णपणे मान्य नव्हते. स्टुडिओतील लबाडी, करारांची फसवणूक, व्यसने ही काही घराने निर्माण केलेली नव्हेत. परंतु त्याच्या बोलण्यात तथ्य होते, आणि त्याच क्षणी मला आजोबांची ती खतावणी आठवली.

तिसरा चित्रपट ‘गुड्डी’, १९७१ चा, हृषीकेश मुखर्जी यांचा. शाळकरी कुसुम धर्मेंद्र या नटाच्या प्रेमात पडली आहे, असे तिला वाटते. घरातले हसतात, चिडतात. तिच्या वहिनीचे मामा मात्र तिला रागावत नाहीत. ते तिला मुंबईच्या स्टुडिओत नेतात. मारामारी दुसराच कोणी करतो, पडणारा दुसराच असतो, प्रकाशामागे शेकडो कामगार घाम गाळतात, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू देतात. त्याच चित्रपटात नायक व्हायचे म्हणून घरातून पळून आलेला कुंदन भेटतो. असरानी यांनी ती भूमिका केली आहे. तो आता गर्दीत उभा राहणारा एक ‘एक्स्ट्रा’ झाला आहे. कुसुम आणि कुंदन दोघांचे स्वप्न जवळपास सारखेच. एकीला सोबतीने नेऊन दाखवणारे वडीलधारे माणूस मिळाले. दुसरा चोरून गेला, म्हणून परतायलाही लाजला.

चौथ्या रविवारी परेश मोकाशी यांचा २००९ चा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पाहिला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, त्यामागच्या धडपडीची ही हसरी कथा. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. पण सरस्वतीबाई केवळ दागिने देऊन थांबल्या नाहीत. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी रांधला, फिल्मला भोके पाडण्याचे आणि ती धुण्याचे कामही त्या शिकल्या. त्या घरात स्वप्न एकट्याचे नव्हते.

मात्र हा चित्रपट यशाच्या टप्प्यावरच थांबतो. पुढे फाळक्यांनी भांडवलदार भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स’ कंपनी काढली, मतभेदांमुळे ती सोडून ते काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि काही काळाने परतले. १९४४ साली नाशिकला त्यांचे देहावसान झाले तेव्हा त्यांच्याजवळ संपत्ती अशी उरली नव्हती. म्हणजे घराने साथ दिली तरी धंदा बुडू शकतो. ही गोष्टही मी नातवाला सांगितली, कारण अर्धे सत्य सांगून मुलाला पाठवणे मला योग्य वाटत नव्हते.

आणि एक खरे उदाहरण सांगितले, आपल्या शेजारच्या जिल्ह्याचे. भगवानदादांचा जन्म अमरावतीचा. गिरणी कामगाराचा हा मुलगा मूकपटांच्या काळात मुंबईत चित्रपटात शिरला. १९५१ चा त्यांचा ‘अलबेला’ देशभर गाजला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, दारात मोटारींची रांग असे त्यांच्या वैभवाचे वर्णन केले जाते. मग पुढच्या चित्रपटांत हात पोळले, बंगला आणि मोटारी गेल्या, आणि २००२ साली दादरच्या चाळीत त्यांचे निधन झाले. नफ्यातला ठरावीक भाग बाजूला काढून न ठेवता सारे भांडवल पुन्हा पुढच्या डावावर लावण्याची चूक कापसात होते, धान्यात होते, तशीच सिनेमात होते. फरक इतकाच की आपल्या बाजारात सावध करणारे चार जुने लोक शेजारच्या दुकानात बसलेले असतात.

चारही चित्रपट झाल्यावर मी मुलाला आणि नातवाला समोरासमोर बसवले आणि एका कागदावर अटी लिहिल्या. नातवासाठी: मुदत तीन वर्षांची. दरमहा ठरलेली रक्कम घरातून जाईल, त्यावर नाही. पेढीच्या नावावर किंवा नातेवाइकांकडून एक रुपयाही उसना घ्यायचा नाही. दर महिन्याला जमाखर्च घरी कळवायचा. नुकसान झाले तर ते पहिल्या दिवशी सांगायचे. आणि घरासाठी: ही रक्कम घरखात्यात लिहिली जाईल, त्याच्या नावावर नव्हे. तीन वर्षांत तिचा उल्लेख कोणी टोमण्यात करणार नाही. त्याने कमावले तर त्या कमाईवर घर हक्क सांगणार नाही. तो परतला तर गादीवर त्याची जागा असेल आणि हरून आला असे कोणी म्हणणार नाही.

माझ्या मुलाने त्या कागदावर चार दिवस विचार केला. “पैसे बुडाले तर?” हा त्याचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. मी त्याच्यापुढे १९६२ ची खतावणी ठेवली. अकरा हजार बुडाले, शेड चार वर्षे रखडली, ही हानी खरीच. तुझ्या आजोबांनी ती सोसली. पण काका राहिले, काकू राहिल्या, दोघांची मुले आज पेढीत बरोबरीने बसतात. ती रक्कम काकांच्या नावे पडली असती, तर आज आपले घर एक असते का? त्याने उत्तर दिले नाही. पाचव्या दिवशी सही केली.

नातू मुंबईला गेल्याला आता आठ महिने झाले. त्याचा जमाखर्च नियमाने येतो. त्यात जमेची बाजू अजून फार रोडावलेली आहे. गेल्या महिन्यात त्याने सोळा दिवस केलेल्या कामाचे पैसे बुडाल्याचेही कळवले; त्याच दिवशी कळवले. तो यशस्वी होईल की तीन वर्षांनी परतेल, याचा अंदाज मी बांधत नाही.

आपल्या समाजातील घराघरांतून आज असे एखादे मूल आहे. कोणाला चित्रपट हवा, कोणाला खेळ, कोणाला दुकानाशी संबंध नसलेला एखादा नवाच व्यवसाय. त्यांना नाही म्हणण्याचा वडीलधाऱ्यांना अधिकार आहे, आणि कित्येकदा नाही म्हणणेच योग्य असते. परंतु हो म्हटले तर होणारे नुकसान कोणाच्या खात्यावर पडेल, हे आधीच ठरवावे आणि मुलालाही सांगावे.

यंदाच्या दिवाळीला नातू दारव्ह्याला येईल. तो उंबरठ्याच्या आत आल्यावर त्याच्या वडिलांनी पहिला प्रश्न पैशांविषयी नव्हे, प्रकृतीविषयी विचारावा, एवढे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.